गळ टाकायला निघालात? रॉड घेण्याआधी भरतीची वेळ बघा

पावसाळा सरला की कोकणात खाडीच्या काठावर, जेट्टीवर, कातळावर गळ टाकून बसलेली माणसं दिसू लागतात. कोकणात याला 'गरवणं' म्हणतात. गावकऱ्यांच्या जोडीला आता व्हिडिओ बघून शहरातून आलेले हौशीही असतात. ट्रिप ठरवताना त्यांची बरीचशी चर्चा रॉड कुठला आणि रील कुठलं यावर होते. पण मासा गळाला लागणार का आणि आपण सुखरूप घरी येणार का, हे ठरतं पाण्यावर. पाणी कधी चढतं, ते कुणाच्या ताब्यात आहे आणि त्यात काय आहे, हे आधी समजून घेऊ.

कोणत्या महिन्यात जायचं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात सोयीचा. समुद्र शांत असतो, नद्यांचा गढूळपणा उतरलेला असतो.

राज्याच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. हा अनेक माशांचा प्रजननाचा काळ. समुद्रही खवळलेला असतो, त्यामुळे या दिवसांत कातळावरूनही गळ टाकायला जाऊ नका.

नदीचंही तसंच. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत आणि शेतांत चढतात. हेच चढणीचे मासे किंवा वलगण. तेव्हा ते हातानेही पकडता येतात, पण प्रत्येक मादीच्या पोटात पुढच्या वर्षीचे मासे असतात. हौसेसाठी जाणाऱ्याने हा काळ सोडून द्यावा.

भरतीची वेळ कशी काढायची?

कोकणात एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांना हाच हिशेब. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून तो जुळतो. जागेनुसार तासाभराचा फरक पडू शकतो, त्यामुळे त्या ठिकाणचं भरतीचं वेळापत्रकही बघा.

भरतीचं पाणी खाडीत शिरतं तेव्हा त्याच्यासोबत कोळंबी आणि बारीक मासे येतात. त्यांच्या मागे तांबोशी, जिताडा, शिंगाळा येतात. पाणी हलत असताना मासा खातो आणि थांबलं की सुस्तावतो. म्हणून पहाट किंवा संध्याकाळ आणि चढती भरती एकत्र येतील असा दिवस निवडा.

मग धोका कुठे आहे?

त्याच चढत्या भरतीत. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात, पण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मं पाणी वाढतं. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. म्हणजे त्या दोन तासांत दोन मीटर पाणी. सिंधुदुर्गाकडे हा फरक बराच कमी असतो.

तुम्ही पुढच्या कातळावर गळ धरून बसलेले असता आणि पाणी आधी तुमच्या मागच्या खोलगट भागात भरतं. लक्षात येईपर्यंत परतीची वाट बंद होते. ओहोटीला कातळावर जातानाच परतायची वेळ ठरवा आणि मासा लागत असला तरी त्या वेळेला उठा. नवख्यांनी उधाणाचे दिवस टाळून अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती निवडावी.

नदीवर वेगळी काळजी घ्यावी लागते. धरणातून पाणी सोडलं की कोरडं पात्र थोड्या वेळात भरतं. भोंगा ऐकू आला की सामान सोडून वर या. सांगलीजवळ कृष्णेत, चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि महाडच्या सावित्रीत मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरून गळ टाकू नका.

परवानगी लागते का?

अनेक धरणांचे जलाशय मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. रोहू, कटल्याचं बीजही त्यांनीच सोडलेलं असतं. त्यामुळे आधी संस्थेला विचारा. कोयनेसारख्या अभयारण्यात वन विभागाचे नियम लागू होतात. मालवणचा सागरी अभयारण्याचा भागही 1987 पासून संरक्षित आहे.

महाडजवळचं वाळणकोंड आणि वाड्याजवळचं तिळसे इथल्या डोहांतले महाशीर लोक देवाचे मासे मानतात. तिथे गळ काढूही नका.

किनाऱ्यावर रापण ओढली जात असेल किंवा खाडीच्या तोंडाशी डोल लावलेली असेल, तर लांब जा. तुमची सुट्टी असते, पण समोरच्याचा तो रोजगार आहे.

मासा लागला, पुढे काय?

महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या सागरी जलचरांसाठी किमान आकार ठरवून दिला. लहान मासा तसाच सोडावा. सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर निघतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला तर गळ पटकन निघतो.

शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवा आणि डॉक्टरकडे जा. फुगणारा केंड लागला तर सोडून द्या, त्याचं विष शिजवूनही जात नाही.

निघण्याआधी एवढं करा

- हवामान विभागाचा अंदाज आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा उंच लाटांचा इशारा बघा.
- एकटे जाऊ नका. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरी सांगा.
- होडीने जाणार असाल तर लाइफ जॅकेट अंगात घाला, पायाशी ठेवू नका. तांडेल 'आज नको' म्हणाला तर वाद घालू नका.
- तटरक्षक दलाचा 1554 आणि पोलिसांचा 112 हे नंबर फोनमध्ये ठेवा.
- तुटलेला तंगूस गोळा करून घरी आणा. तो पक्ष्यांच्या पायात आणि कासवांच्या गळ्यात अडकतो.

पहिल्या ट्रिपला महागडा रॉड लागत नाही. साधी दोरी, शिसं, दोन-चार गळ आणि ताजी कोळंबी पुरते. गावात गरवणारं कुणी ओळखीचं असेल, तर पहिला दिवस त्यांच्याशेजारी बसून नुसतं बघा. कोणत्या दगडावर कधीपर्यंत थांबायचं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुठलंही ॲप सांगणार नाही.