जन्मजात गुन्हेगार?

इंग्लंडमध्ये १८३५ साली डॉ. जेम्स प्रिचर्ड यांनी ‘नैतिक वेड’ ही कल्पना मांडली: बुद्धी शाबूत, पण भावना आणि वर्तन बिघडलेलं. आजच्या व्यक्तिमत्त्व विकाराची ही पूर्वज. निदान तिथे एकेका माणसाला तपासलं जात होतं. इथे मात्र इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पुढे आपले मुस्लिम छप्परबंदही, खोटी नाणी पाडतात म्हणून, त्या यादीत गेले. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान आजही बरंचसं मारामाऱ्या, फसवणूक, अटका यांवरूनच होतं. मग तोच विकार हिंसेचं कारण म्हणून सांगितला जातो. हे वर्तुळ मला खटकतं. विकार असतो, ते मी नाकारत नाही. पण छप्परबंदाच्या पोरावरची पोलिसी नोंद कुणी आणि का केली, हे डॉक्टरांनी आधी विचारावं.