सायकलचा लांबचा रस्ता आणि दानाची दिशा

एखाद्या सत्कार्यासाठी शंभर-दोनशे मैल सायकल चालवायची आणि त्या श्रमांच्या निमित्ताने स्नेह्यासोबत्यांकडून निधी गोळा करायचा, ही रीत आता आपल्याकडेही रुळली आहे. तिचे आजचे रूप मुख्यतः पाश्चात्त्य आहे. १९८० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ३६ सायकलस्वारांनी कर्करोगाच्या उपचार-संशोधनासाठी अशी फेरी काढली. 'पॅन-मास चॅलेंज' या नावाने तिचा पुढे मोठा वार्षिक उपक्रम झाला. मुंबईत २००४ साली सुरू झालेल्या मॅरेथॉनने शारीरिक कष्ट आणि देणगी यांची अशीच सांगड घातली. या साऱ्या उपक्रमांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. शहर देते, सायकलस्वार ते देणे वाहून नेतो, आणि मधली शेते, वाड्या, घाट ही केवळ पार्श्वभूमी असते. मुंबईच्या इतिहासाकडे पाहिले की हे गृहीतक टिकत नाही, असे आम्हांला वाटते.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी 'बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब'चे सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया ही त्यांची नावे. कापडिया तेहरानहून परतले; हाथीराम आणि पोचखानावाला अमेरिकेतच राहिले. उरलेले तिघे सुमारे ४४,००० मैलांचा प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत पोहोचले. त्यांच्या प्रवासवर्णनाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. हे तरुण कोणत्याही निधीसाठी निघाले नव्हते. जग जवळून पाहावे आणि जगाला हिंदुस्थानची ओळख करून द्यावी, एवढाच त्यांचा हेतू होता. १९२४ मध्ये क्रीडापत्रकार फ्रामरोझ दावर एकटेच निघाले आणि १९३१ मध्ये परतले. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी व रतन श्रॉफ निघाले, ते १९४२ मध्ये घरी आले. वीस वर्षांच्या आत एकाच शहरातून, एकाच लहानशा समाजातून अशा तीन मोहिमा निघाव्यात, हे नवल आहे. मराठी लेखनात त्यांची आठवण फारशी आढळत नाही, हे मात्र खेदाचे.

पहिल्या तुकडीने बगदाद ते अलेप्पो हे ९५६ किलोमीटरचे वाळवंट २३ दिवसांत ओलांडले. म्हणजे रोजची चाल चाळीस-बेचाळीस किलोमीटरची. गुळगुळीत रस्त्यावर हे अंतर दोन-अडीच तासांचे. वाळूत, वादळात आणि तहानेत ते दिवसभराचे होते. सायकलवर माणूस किती पाणी बाळगणार, किती शिधा बांधणार? आगगाडीचा किंवा मोटारीचा प्रवासी आपले शहर थोडेफार सोबत नेऊ शकतो. सायकलस्वाराला ते शक्य नसते. विहीर, भाकरी, रात्रीची पडवी यांसाठी त्याला वाटेवरच्या माणसावरच विसंबावे लागते. या प्रवासात सायकलस्वार हा दाता नसतो, तो याचक असतो.

हे तिघे परतले त्याच्या पुढच्याच महिन्यात याच मुंबईत गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सुमारे सहा महिने तो चालला. परळ-लालबागचे भोंगे थांबले, आणि चाळींच्या खोल्यांतून हजारो कामगार कोकणातल्या व घाटावरच्या आपापल्या गावी गेले. संप एवढा लांबू शकला त्यामागे गावाकडचा तांदूळ-नाचणीचा तुकडा आणि घरच्यांनी केलेली शेती यांचा आधार होता. बापासोला-हकीम यांचे विश्व आणि गिरणगावाचे विश्व यांत अंतर पुष्कळ होते. तरी एका बाबतीत दोन्ही कथा जुळतात. अडचणीच्या वेळी शहरातल्या माणसाला पोसले ते मोकळ्या मुलखाने. त्या देण्याची नोंद कोणत्याही देणगीदारांच्या यादीत झाली नाही.

दान या शब्दाचा अर्थ या दृष्टीने पुन्हा तपासायला हवा. १९५१ मध्ये भूदानासाठी पायी निघालेल्या विनोबांनी दान म्हणजे उपकार नव्हे, सम्यक् वाटप होय, असे शंकराचार्यांच्या आधारे सांगितले. त्यांच्या यात्रेत चालणारा मागत होता आणि गाव देत होते. हीच रीत बाबा आमटे यांनी सायकलवर आणली. २४ डिसेंबर १९८५ रोजी, साने गुरुजींच्या जयंतीदिनी, 'भारत जोडो' अभियान कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. आदल्याच वर्षी भिवंडी-मुंबईने दंगल पाहिली होती आणि दिल्लीने इंदिरा गांधींच्या हत्येनंतरचे हत्याकांड. शंभरांहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होत्या. मणक्याच्या व्याधीमुळे बसूही न शकणारे सत्तरीतले बाबा वाहनात आडवे पडून त्यांच्यासोबत जात होते. १९८८ मध्ये दुसरी फेरी इटानगरहून ओख्याकडे निघाली. आनंदवनासारखी संस्था उभी करणाऱ्या माणसाला निधीचे मोल ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? तरीही या फेऱ्यांत त्यांनी पैशाहून अधिक मोलाचे काही मागितले. अनोळखी माणसाला आपल्या दारात उतरू द्यावे, हे ते मागणे.

निधी गोळा करू नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून खेड्यांतले रुग्ण येतात; कित्येकांचे नातेवाईक आसपासच्या पदपथांवर रात्री काढतात, काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा मिळतो. त्यांच्या औषधासाठी कोणी घाट चढून पैसा उभा करीत असेल, तर ते काम चांगलेच आहे. मात्र सायकलस्वार ज्या मोकळ्या मुलखातून जातो, तेथलाच माणूस उलट दिशेने परळला येत असतो. एकजण आपणहून निघालेला असतो, दुसरा नाइलाजाने. वाटेवरच्या गावाने पहिल्याला पाणी दिले. पदपथावर बसलेल्या दुसऱ्याला शहराने काय दिले, हा प्रश्न जमलेल्या रकमेच्या आकड्याने सुटत नाही.

म्हणून अशा फेरीकडे आम्ही उपकार म्हणून पाहत नाही. मुंबईवर या मुलखाचे जुने ऋण आहे, आणि ही फेरी म्हणजे त्या ऋणाचा एक लहानसा हप्ता. हप्ता भरणाऱ्याने सत्काराची अपेक्षा धरू नये. आणि वाटेत कोणी तांब्याभर पाणी पुढे केले, तर तेही हिशेबात मांडावे.