दोन भाऊबंद, एक कुंड

भाऊबंदकी आमच्या घराण्यात पूर्वापार चालत आलेली. परसातल्या एका आडावरून माझे वडील आणि काका तीन वर्षे कोर्टात झगडले. तेव्हापासून एका जागी दोन भाऊ नांदतात कसे, हा प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्या मास्तराला तोच प्रश्न एका प्राणिशास्त्रज्ञाच्या चरित्रात भेटावा, ही गंमतच म्हणायची!

त्यांचे नाव जॉर्ज एव्हलिन हचिन्सन. जन्म १९०३, केंब्रिजचा. पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात अध्यापक. १९३२ साली ते लडाखची तळी पाहून गेले होते, आणि १९४० मध्ये त्यांनी हिंदुस्थानातल्या कोरिक्सा कुळातील पाणकिड्यांवर प्रबंध लिहिला. हे किडे ढेकणांच्या दूरच्या नात्यातले. पाय वल्ह्यासारखे मारीत पोहणारे.

सिसिली बेटावर पालेर्मोजवळ मोंते पेलेग्रिनो नावाचा डोंगर आहे. तिथल्या गुहेत १६२४ साली, प्लेगच्या कहरात, संत रोझालियाच्या म्हणून मानलेल्या अस्थी सापडल्या. भाविक तिथे हात जोडतात. हचिन्सन खालच्या लहानशा कुंडापाशी थांबले. पाण्यात कोरिक्सांची नुसती दाटी! जाती दोन : पंक्टाटा थोरली, अफिनिस किंचित धाकटी.

आता, मॉस्कोच्या गॉस यांनी १९३४ साली सूक्ष्म जीवांवरील प्रयोगांतून दाखवले होते, की एकाच अन्नावर जगणाऱ्या दोन जाती कोंडल्या तर एक दुसरीला हटवते. मग इथे दोघी कशा? हचिन्सन यांना दिसले, की थोरलीच्या विणीचा हंगाम सरत आला होता. धाकटीचा बहुधा नुकता सुरू होत होता. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. दोनच जाती का, वीस किंवा दोनशे का नाहीत, हा प्रश्न त्यांनी १९५९ च्या निबंधात विचारला, आणि रोझालियाला उत्क्रांतीच्या अभ्यासकांची कुलदेवता करावे असेही सुचवले. एकत्र राहणाऱ्या जवळच्या जातींच्या आकारात सुमारे १.३ पट फरक असतो, असे त्यांनी मांडले. १९८१ साली त्या आकड्यावर आक्षेप आले. प्रश्न मात्र उरलाच.

आमच्या आडाचा निकाल कोर्टाने नव्हे, आजीने लावला : पहाटे आमच्या घागरी, दिवेलागणीला काकांच्या. बोलणे पुढेही फारसे झाले नाही. पण आड दोन्ही घरांना पुरला.