नौखंडा महाल : मालक बदलले, वैभव ओसरले

औरंगपुऱ्यापासून जवळच, भडकल दरवाजाच्या परिसरात आज मुलींचे महाविद्यालय आहे. त्याच्या पत्त्यात अजूनही 'नौखंडा पॅलेस' असे लिहिले जाते. एके काळी दख्खनचे राज्य जेथून हाकले गेले, त्या महालाची ही ओळख आता प्रामुख्याने नावापुरतीच उरली आहे.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे नवे नगर वसविले. १६१२ मध्ये भडकल दरवाजा आणि १६१६ मध्ये उंचवट्यावर हा महाल उभा राहिला. नौखंडा म्हणजे नऊ भागांचा. जुन्या गॅझेटिअरमधील वर्णनानुसार महालात पाच जनानखाने, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद आणि कचेरी होती. प्रत्येक भागाला स्वतंत्र बाग व हौद होता. दिवाण-ए-खासच्या भिंतींवर रंगकाम आणि चुन्याची नक्षी होती. शिवाय गरम पाण्याचा हमामही होता. एवढ्या बागा आणि हौद असलेला हा महाल खापरी नळांतून शहरात पाणी आणणाऱ्या नहर-ए-अंबरीच्या काळातला आहे.

महाल बांधला त्याच वर्षी मोगल फौजांनी खडकीची नासधूस केली. १६२६ मध्ये अंबरचा मृत्यू झाला. त्याचा पुत्र फतेहखान याच्या काळात शहराला फतेहनगर हे नाव मिळाले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि शहर मोगलांकडे गेले. औरंगजेबाने १६९२ मध्ये स्वतःसाठी किल्ले अर्क हा निराळा महाल उभारला.

नौखंड्याला पुन्हा वैभव लाभले ते पहिला निजाम आसफजाह याच्यामुळे. १७२४ च्या साखरखेर्डा येथील विजयानंतर दख्खन त्याच्या हाती आले. तो आणि त्याचे वारस नासिरजंग व निजाम अली यांचे येथे वास्तव्य होते. मात्र १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेली आणि महालाचे महत्त्व ओसरले. एकोणिसाव्या शतकात त्यातील बऱ्याच इमारतींची पडझड झालेली होती. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि निजामाची सत्ताही संपली.

इटलीतील सिसिली बेटावरही उत्तर रोमन काळातील एक आलिशान प्रासाद आहे. त्याचा मूळ मालक कोण, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. बाराव्या शतकात दरड कोसळून तो गाडला गेला आणि त्यामुळेच त्यातील रंगीत दगडी फरशीची चित्रे शाबूत राहिली. नौखंड्याची गोष्ट याच्या उलट आहे. येथे मालकांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत, वास्तू मात्र हरवत गेली. गाडले जाण्याचे संरक्षण तिला लाभले नाही आणि राजधानी हलल्यावर तिची निगा राखण्याची गरज कोणाला उरली नाही.

महालाचे मोजके अवशेष आणि समोरचा भडकल दरवाजा ही त्या काळाची खूण आता शिल्लक आहे. चारशे वर्षांत शहराची नावे बदलली, सत्ता बदलल्या. या शहराची सुरुवात ज्याने केली, त्याच्या घराची ही खूण जपण्याची जबाबदारी आता शहरावरच आहे.