गाडीच्या वायरिंगमधला बिघाड कसा शोधतात?

नाशिकहून मुंबईकडे जाताना कसारा घाटात रात्री हेडलाइट बंद पडले, तर तो बिघाड जिवावर बेतू शकतो. कारण बहुतेक वेळा साधंच असतं: उडालेला फ्यूज, गंजलेलं कनेक्शन किंवा सैल अर्थिंग. अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा क्रमाने तपासलं, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

१. आधी बॅटरी
मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.५ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो वाढलाच नाही, तर अल्टरनेटर किंवा त्याची वायरिंग तपासावी लागते.

२. मग फ्यूज
लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा लावणं सर्वांत धोकादायक, कारण मग फ्यूजऐवजी वायर तापते आणि गाडी पेट घेऊ शकते.

३. अर्थिंग
दिवा मंद लागतोय? तो चालू ठेवून मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा बराच जास्त आकडा आला, तर जोडणी गंजलेली किंवा सैल आहे. पावसाळ्यानंतर हा दोष हमखास सापडतो.

४. रात्रीत बॅटरी उतरते?
सगळं बंद केल्यावरही थोडा करंट जातच असतो. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. अर्धा अँपिअर जात असेल, तर ४५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांच्या आत रिकामी होते. मीटर जोडून एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा घसरतो, दोष त्याच सर्किटमध्ये.

इथे हात लावू नका
एअरबॅगच्या (बहुधा पिवळ्या) वायरला टेस्ट लॅम्प लावू नये. एअरबॅग उघडू शकते. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांमधल्या केशरी केबलमध्ये जीवघेणा दाब असतो. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचंच.