सिहोरची पाठशाळा व विज्ञान शिकविणाराचा धर्म

ता. १५ जानेवारी २०१० रोजीं सूर्यग्रहण झालें. केरळ व तामिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे तें कंकणाकृति दिसलें. आमच्या पनवेलीस खंडग्रास होतें. त्या वेळीं आम्ही एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. तिचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. तेथील विज्ञानाच्या शिक्षकांनीं ग्रहणापूर्वीच्या तासास फळ्यावर सूर्य, चंद्र व पृथ्वी यांच्या आकृति काढून ग्रहणाची उपपत्ति उत्तम समजाविली. आणि तास संपतां संपतां त्याच मुलांस बजाविलें कीं, ग्रहणाच्या दिवशीं वेध पाळावे, पाण्यांत तुळशीपत्र टाकावें व मोक्षानंतर स्नान केल्यावांचून अन्नास शिवूं नये. एका मुलीनें विचारलें, "सर, सावलीचा विटाळ कसा होतो?" उत्तराऐवजीं तिला दाराबाहेर उभें राहावें लागलें. शेजारच्या वर्गांत आम्हीं हें सर्व ऐकलें आणि गप्प राहिलों. तिच्या प्रश्नाचें उत्तर ज्या परंपरेंत होतें, तीच शिकविण्याचें वेतन आम्ही घेत होतों, हें त्या मौनाचें विशेष लज्जास्पद अंग होय.

भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें सिद्धांतशिरोमणि रचिला. त्याच्या गोलाध्यायांत ग्रहणाचा विचार आहे. अर्धग्रस्त चंद्राचीं शृंगें बोथट दिसतात व त्याचें ग्रहण दीर्घकाळ टिकतें. अर्धग्रस्त सूर्याचीं शृंगें तीक्ष्ण असून त्याचें ग्रहण थोडक्यांत आटपतें. शिवाय एकाचा स्पर्श पूर्वेकडून, तर दुसऱ्याचा पश्चिमेकडून होतो. यावरून दोघांस झांकणारा पदार्थ एकच नव्हे, हें आचार्यांनीं अनुमानानें सिद्ध केलें. मेरूआड सूर्य गेल्यानें रात्र होत असेल, तर मध्यें असलेला तो सुवर्णपर्वत आपणांस कां दिसत नाहीं, हाहि प्रश्न त्यांनींच विचारिला आहे. ग्रहणाच्या प्रकरणीं मात्र श्रुतिपुराणांचा मान राखण्यासाठीं, तमोरूपी राहु ब्रह्मदेवाच्या वरानें त्या छायेंत प्रवेश करितो, असा समन्वय त्यांनीं करून ठेविला. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट क्रमाची आहे. समन्वय मागाहून आला. सिद्धांत आधीं पुराव्यानें उभा राहिला. आणि समन्वयासाठीं गणितांत एका कलेचाहि फेर पडला नाहीं.

हाच ग्रंथ सुमारें सातशें वर्षांनीं एका मोठ्या शैक्षणिक वादाचें मूळ झाला. भोपाळनजीक सिहोर येथें मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेंतील लान्सेलॉट विल्किन्सन हे कंपनी सरकारचे पोलिटिकल एजंट होते. तेथील पाठशाळेकडे त्यांनीं जातीनें लक्ष पुरविलें. इ. स. १८३४ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत निबंध लिहून त्यांनीं प्रतिपादिलें कीं, एतद्देशीयांस नवें ज्योतिष शिकवावयाचें तर प्रथम त्यांच्याच सिद्धांतग्रंथांचा आधार घ्यावा; पृथ्वी गोल व निराधार आहे हें भास्कराचार्यांच्या मुखानें पटलें, म्हणजे कोपर्निकसापर्यंतची वाट सुकर होते. पुराणांवरील विश्वास यानें ढिला व्हावा, हा आपला हेतुहि त्यांनीं लपविला नव्हता.

या पाठशाळेंतील महाराष्ट्रीय पंडित सुबाजी बापू यांनीं इ. स. १८३६ मध्यें सिद्धांतशिरोमणिप्रकाश हा मराठी ग्रंथ लिहिला. पुराणांचें मत, सिद्धांतांचें मत व कोपर्निकसाचें मत हीं तिन्ही समोरासमोर ठेवून त्यांनीं तारतम्य दाखविलें. मूळचे महाराष्ट्रीय असलेले व पुढें काशीच्या संस्कृत पाठशाळेंत कीर्ति पावलेले बापूदेव शास्त्री हे याच सिहोरचे विद्यार्थी. सूर्यसिद्धांताचें त्यांचें इंग्रजी भाषांतर १८६१ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु सर्वांस हें रुचलें नाहीं. पुण्याचे यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनीं १८३७ सालीं विरोधमर्दन लिहून ज्योतिष व पुराणें यांत मुळीं विरोधच नाहीं, असा पक्ष मांडिला. वाद झाला, पण तो ग्रंथांस ग्रंथांनीं उत्तर देऊन झाला.

आतां सुबाजी बापूंचें दुसरें अंग पाहूं. पृथ्वी फिरते असें शिकविणारा हा पंडित आपला धर्म सोडून बसला होता काय? मुळींच नाहीं. विल्किन्सन यांनीं जातिभेदाचें खंडन करणारा वज्रसूची हा अश्वघोषाच्या नांवावरील ग्रंथ १८३९ सालीं छापविला, तेव्हां सुबाजी बापूंनीं त्याचें खंडन करणारा टंक लिहिला, आणि तो त्याच पुस्तकांत जोडून प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं जॉन म्यूर यांनीं ख्रिस्ती मताच्या समर्थनार्थ मतपरीक्षा हा संस्कृत ग्रंथ काढिला. त्यास सोमनाथ या नांवानें जें उत्तर निघालें, तेंहि सुबाजी बापूंचेंच होय, असें संशोधक मानितात. जातिभेदाचें त्यांचें समर्थन आम्हांस मान्य नाहीं. तथापि त्यांच्या वर्तनांतील एक गोष्ट अनुकरणीय आहे. स्वतःची श्रद्धा त्यांनीं स्वतःच्या नांवाच्या वा टोपणनांवाच्या ग्रंथांत, प्रौढ प्रतिपक्ष्यासमोर मांडिली. खगोल सांगतांना मात्र प्रमाण म्हणून तिला पुढें केलें नाहीं. शिक्षक श्रद्धावान असणें हा दोष नव्हे. जेथें पुरावा ठेवावयाचा, तेथें श्रद्धा ठेवणें हा दोष होय.

सरकारी शाळांस हा भेद पाळावयास लावणें सोपें नव्हतें. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं आपल्या कारकीर्दींतच शिक्षणाच्या योजनेंत धर्मोपदेशाची भेसळ करण्यास स्पष्ट विरोध नोंदविला होता. इ. स. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष असावें असें ठरविलें. पण त्याच खलित्यांत एक पळवाट राहिली. शाळांच्या ग्रंथालयांत बायबल असावयास हरकत नव्हती. आणि विद्यार्थ्यानें आपखुषीनें विचारल्यास शाळेच्या वेळेबाहेर शिक्षकानें ख्रिस्ती धर्माविषयीं खुलासा करण्यास मुभा होती. कागदावर हें निरुपद्रवी दिसतें. परंतु ज्याच्या हातीं परीक्षेचे गुण आहेत, त्याच्यापुढें बारा वर्षांच्या मुलाची आपखुषी ती किती? घंटा वाजली म्हणून गुरूचें वजन उतरत नाहीं. वेळेची रेघ त्या खलित्यानें आंखिली. अधिकाराची आंखिली नाहीं.

ता. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेनें ही रेघ अधिक स्पष्ट केली. २८ व्या अनुच्छेदाप्रमाणें सर्वस्वीं सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेंत धार्मिक शिक्षण देतां येत नाहीं. आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेंत तें असल्यास, अज्ञान विद्यार्थ्यास पालकाच्या संमतीवांचून त्यांत भाग घ्यावयास लावतां येत नाहीं. खलित्यांत संमति मुलाची होती. घटनेंत ती पालकाची झाली, हा फरक लहान नव्हे. पुढें १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें वैज्ञानिक दृष्टि व जिज्ञासा यांचा विकास करणें हें प्रत्येक नागरिकाचें मूलभूत कर्तव्य ठरविलें.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा किंवा एका धर्माचा आहे, असें नाहीं. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत माउंट व्हर्नन येथील सार्वजनिक शाळेच्या एका विज्ञानशिक्षकास २०११ सालीं बडतर्फ करण्यांत आलें. उत्क्रांतीच्या पाठांत धर्ममत शिरकाविल्याचा आरोपहि त्याच्यावर होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं चार विरुद्ध तीन मतांनीं बडतर्फी कायम केली. पण त्या आरोपावर निर्णय न देतां. मेजावर त्याचें स्वतःचें बायबल असणें न्यायालयानें अपराध मानिला नाहीं. वर्गांतील इतर धार्मिक साहित्य काढण्याची वरिष्ठांची आज्ञा त्यानें मोडली, एवढाच दोष धरिला. श्रद्धा वेगळी व अधिकाराचा वापर वेगळा, हा विवेक तेथेंहि करावा लागला. परंतु मूळ प्रश्न, म्हणजे वर्गांत काय शिकविलें, तो मात्र आज्ञाभंगाच्या आड तसाच राहिला.

असो. आमच्या सहकाऱ्यांच्या गोष्टीकडे पुन्हा पाहूं. त्यांनीं घरीं वेध पाळले, याबद्दल कोणासहि बोलण्याचा अधिकार नाहीं. त्यांनीं सांगितलेली ग्रहणाची उपपत्तिहि बिनचूक होती. दोष दोन ठिकाणीं होता. फळ्यावरील आकृतीचा अधिकार त्यांनीं विटाळाच्या आज्ञेस उसना दिला. आणि प्रश्न विचारणारीस उत्तर न देतां शिक्षा दिली. पहिला दोष कदाचित् संवयीचा. दुसरा मात्र गुरुपदाचा सरळ दुरुपयोग. आपल्या शास्त्रांत पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धांत सांगण्याची रीत नाहीं. रोडे यांच्याविरुद्ध सुबाजी बापू, सुबाजी बापूंविरुद्ध वज्रसूची, हे सर्व एकमेकांस बोलूं देत होते. त्या मुलीनें शुद्ध पूर्वपक्ष मांडिला होता, आणि पूर्वपक्ष मांडणाऱ्यास दाराबाहेर उभें करण्याचा परिपाठ भास्कराचार्यांच्या परंपरेंत नाहीं.

तिसरा दोष आमचा. गोलाध्याय जाणणाऱ्यानें त्या दिवशीं उठून शेजारच्या वर्गांत जावयास हवें होतें. वाद घालण्यासाठीं नव्हे, तर बोथट व तीक्ष्ण शृंगांची ती उपपत्ति सांगून मुलीस आंत बसविण्यासाठीं. सिहोरच्या पंडितांस परकी अधिकारी, मिशनरी व स्वकीय शास्त्री अशा तिहेरी कचाट्यांत जें साधलें, तें आम्हांस एका भिंतीपलीकडे साधलें नाहीं. एवढी नोंद या निमित्तानें करून ठेवितों.