शनिवार तेल्यांची शिदोरी

मुंबईच्या मध्य रेल्वेवर, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागूनच 'मशीद' नावाचं स्थानक आहे. नाव ऐकलं की कुणालाही वाटेल, जवळच्या एखाद्या मुसलमानांच्या मशिदीवरून ते पडलं असणार. पण सांगतात ते वेगळंच. हे नाव ज्या वास्तूमुळे आलं, ते ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली ते मांडवी भागात उभारलं. बेने इस्रायली लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. आणि पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, १८६७ मध्ये पूर्ण झालेलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे, त्याला पुणेकर 'लाल देऊळ' म्हणतात. धर्म एकच, त्याचं घर एका गावात मशीद, दुसऱ्या गावात देऊळ. मराठी भाषेचं अंगण किती मोठं आहे, हे यावरून कळावं.

हे बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या, ग्रंथ, सारं समुद्रात गेलं. वाचलेली माणसं आसपासच्या गावांत पांगली, मराठी बोलू लागली. पुढे त्या गावांवरूनच त्यांची आडनावं झाली. दिवेकर, राजपूरकर, केहिमकर, पेणकर, चेऊलकर. 'बूट पॉलिश' चित्रपटातले आपले डेव्हिड आठवतात ना? ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

ग्रंथ नाही, पुरोहित नाही, हिब्रू भाषाही विसरलेली. मग शेकडो वर्षं धर्म राहिला कुठे? तो राहिला घाण्यावर, चुलीपाशी आणि ताटात.

या मंडळींचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. आमच्या ईटकडे, भूम तालुक्यात, करडईचं तेल. तिकडे खोबऱ्याचं आणि तिळाचं. घाण्याचा बैल थांबला की तेल्याची मिळकत थांबते, हे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत. आठवड्यातला सातवा दिवस विसाव्याचा, ईश्वराचा, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, त्यांना म्हणत 'सोमवार तेली'. मला यात मोठी गंमत वाटते. माणूस सहसा त्याच्या कामावरून ओळखला जातो. ही माणसं काम न करण्याच्या दिवसावरून ओळखली गेली. एका दिवसाची कमाई सोडणं, हाच त्यांचा ग्रंथ होता.

दुसरी गोष्ट मासळीची. खवले आणि पर असलेलाच मासा खायचा, हा ज्यूंचा नियम. म्हणून कोळंबी नाही, खेकडा नाही. डेव्हिड रहाबी नावाचे ज्यू विद्वान कोकणात आले. कोणत्या शतकात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हे लोक खरोखर आपले धर्मबंधू आहेत का, हे पाहायला त्यांनी बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली, असं सांगतात. बायकांनी खवल्यांची मासळी निवडून घेतली, उरलेली बाजूला सारली. परीक्षा पुरुषांची नाही, स्वयंपाकघराची झाली, आणि त्यात धर्म उत्तीर्ण झाला. मग रहाबींनी तीन जणांना धर्मविधी शिकवले. त्यांच्या वंशजांना समाज काय म्हणू लागला? 'काझी'!

काझी, मशीद, आणि उपासाला 'रोजा'. माझ्यासारख्या मुसलमानाला हे शब्द वाचताना आपल्याच घरातली भांडी शेजाऱ्याच्या फळीवर दिसल्यासारखं होतं. त्यांच्या सणांची नावंही बघा. नव्याचा सण, खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, म्हणून तो दारफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशी दानधर्म, भेटीगाठी. तो शिळा सण. वल्हांडणाला ज्यू लोक आंबवलेलं काही खात नाहीत. कोकणात त्याचं कारण विसरलं गेलं, पण आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायची रीत राहिली. सणाचं नाव 'अनशी ढाकण्याचा सण'. कारण बुडालं, कृती तरली.

आणि मलिदा! आमच्याकडे दर्ग्यावर नेतात तो पोळीचा, गुळातुपाचा. त्यांचा मलिदा पोह्यांचा. त्यात ओलं खोबरं, साखर, सोबत फळं. लग्न ठरलं, नवस फेडायचा असला, की ताट मांडायचं आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्मरण करायचं. कुराणात त्यांचं नाव इल्यास. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे, अशी श्रद्धा आहे.

शिक्षण आलं ते एकोणिसाव्या शतकात. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास तर बायबलमधल्या चरित्रांवर मराठी कीर्तनं होऊ लागली. बुडालेले ग्रंथ परत आले, ते मराठीचं बोट धरून.

१९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे एक कडू घोट प्यावा लागला. १९६२ च्या सुमारास तिथल्या मुख्य धर्मपीठाने, लग्नाआधी यांचं कूळ तपासा, असा फतवा काढला. ज्यांनी ग्रंथाशिवाय शनिवार पाळला, त्यांना विचारलं गेलं, तुम्ही ज्यू कशावरून? लोकांनी धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारला, हे पूर्ण ज्यू आहेत, असं जाहीर करावं लागलं.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कविसंमेलनात कधी कुणी कौतुकाने म्हणतं, 'तुम्ही असून मराठी किती छान लिहिता!' मनात वाईट नसतं, पण त्या 'असून' मध्ये एक तपासणी असते. बेने इस्रायलींना कोकणातल्या शेजाऱ्यांनी ती तपासणी लावली नाही. तुमचा शनिवार, आमचा सोमवार, एवढ्यावर भागलं. म्हणूनच इस्रायलला गेलेल्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आता इथे उरलेली संख्या काही हजारांत आहे. कोकणातल्या काही प्रार्थनामंदिरांत सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणंही अवघड होतं. घाणे तर केव्हाच थांबले.

पण एक धडा ते मागे ठेवून गेले आहेत. श्रद्धा टिकते ती जयघोषाने नाही. आठवड्यातून एकदा कमाई सोडून हात स्वच्छ धुऊन बसण्याने, निवडून खाण्याने, ताटातलं वाटून खाण्याने टिकते. आणि शेजाऱ्याने आपला दिवस पाळावा, म्हणून त्याला जागा ठेवण्यानेही. हे शेवटचं काम ज्यूंचं नव्हतं. ते आपल्या मराठी मुलखाने केलं होतं. ते आपल्याला विसरता येणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)